बुरखेवाल्याचा कौल

सिनेमातल्या मारामारीला मी कधी भुलले नाही. तोंडाला काळा बुरखा बांधायचा, एकट्यानं वीस माणसं लोळवायची आणि भांगसुद्धा विसकटायचा नाही. डोंबलाचं शौर्य! पण एका बुरखेवाल्यानं माझ्या जिवाचं पाणी पाणी केलं, हेही खरं.

लढाईचे दिवस होते. माझा भाऊ पलटणीत, बर्माच्या बाजूला. सहा महिन्यांपूर्वी तार आली होती, 'बेपत्ता'. मेला म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही, जिता म्हणावं तर पत्र नाही. थोरली चुलती मात्र आईच्या मागं हात धुऊन लागली होती. "सुनंच्या बांगड्या फोडा. किती दिस चुडा मिरवायचा तिनं?" येता सोमवार तिनंच ठरवून टाकला.

म्हणून शनिवारी आई, वहिनी आणि मी विट्याहून सांगलीला गेलो, पलटणीच्या कचेरीत शेवटचं विचारायला. कारकुनानं रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. "कळलं की कळवू," म्हणाला. असा संताप आला मला! परतीची मोटार पाचला. समोरच्या थेटरात दुपारचा खेळ खास बायकांसाठी होता. आई म्हणाली, "चला, सावलीत तरी बसू."

हिंदी आम्हाला काय कळणार! पण गोष्ट कळत होती. बुरखेवाला गोरगरिबांसाठी लढायचा, घरी बायको वाट बघायची. कड्यावर त्याला गोळी लागली, तो खाली नदीत पडला, बायको किंचाळली आणि पडदा पांढरा झाला. दिवे लागले. त्या काळी एकच सिनेमा दोन गावांत चालायचा. मिरजेत रीळ दाखवून झालं की सायकलवाला ते सांगलीला आणायचा. शेवटचं रीळ अजून यायचं होतं.

बायकांनी पानाच्या चंच्या सोडल्या. वहिनी माझा हात धरून बसली होती. हळूच म्हणाली, "वन्सं, मी कौल लावलाय. ह्यो जित्ता निघाला तर त्ये बी जित्तं हाईत. न्हाईतर सोमवारी मीच हात म्होरं करीन."

"वैनी, खुळ्या का काय तुमी? कौल देवाला लावत्यात!"

"देवाला तीनदा लावला. फूल हाललंसुदिक न्हाई."

आईनं ऐकलं. "बाई गं, सोंगाड्याच्या हातात माझं लेकरू दिलंस?" एवढंच म्हणाली.

चार वाजून गेले तरी रीळ येईना. आई म्हणाली, "उठा, मोटार चुकंल." वहिनी हलेना. "म्होरलं बघितल्याबिगर मी उठायची न्हाई, आत्याबाई." जन्मात पहिल्यांदा तिनं सासूला उलट उत्तर दिलं. आई पुन्हा खाली बसली. मी मनात म्हणत होते, त्या मेल्याची सायकल मोडू दे, रीळच येऊ नये.

ते आलं. दिवे गेले. पडद्यावर बायको नदीकाठी बसलेली, चार बायका तिला सावरताहेत. वहिनीची नखं माझ्या मनगटात रुतली. आणि पाण्यातून एक हात वर आला, मग तो काळा बुरखा. अख्खं थेटर टाळ्या पिटायला लागलं. वहिनी ढसाढसा रडली. मीही रडले, लाज कसली! आई तेवढी पडद्याकडं टक लावून बघत होती.

मोटार आम्ही पळत जाऊन गाठली. सोमवारी चुलती आली, तेव्हा आईनं तिला उंबऱ्याबाहेरच थोपवलं. "माझ्या सुनंच्या चुड्याला कुणी हात लावायचा न्हाई!"

लढाई संपल्यावर पाटणकडचा एक जवान घरी आला, भावाच्या बराकीतला. वहिनी रानात गेलेली. तो खाली मान घालून म्हणाला, "आवं आई, माघारीच्या पळापळीत मीच मूठमाती दिली त्याला. तुमास्नी तार आली, त्याच्या बी आदी."

बोलणं संपलं आणि बघते तर वहिनी दारात. डोक्यावरचा भारा तिनं खाली टाकला. आईसमोर येऊन बसली, दोन्ही हात पुढं केले. "फोडा, आत्याबाई."

आईनं ती मनगटं मुठीत आवळून धरली, सोडीचना. "खोटं बोलतोय ह्यो!" ती ओरडली. "आगं, त्यो उठला न्हवं पाण्यातनं? आपुन तिघींनी बघितलं न्हवं?"

"व्हय, आत्याबाई. बघितलं," वहिनी म्हणाली आणि तिनं आईचं डोकं छातीशी धरलं.