हाय की!

शाईची दौत उघडली की त्या वासासरशी सांगलीच्या कॉलेजातला वर्ग आठवतो. कोरेगावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या हजेरीला माझं नाव आलं, मी "हाय की!" म्हणालो आणि वर्ग हसला.

"कोरेगावचा बाजार भरला रे!" मागून कुणी ओरडलं.

तेव्हापासून मी ओच देईना. वर्गात बसूनही माझी गैरहजेरी लागत गेली. शेवटी सर म्हणाले, "उद्या उत्तर आलं नाही, तर नाव काढून टाकीन."

संध्याकाळी कृष्णेकाठी एकटाच "हजर" घोकत बसलो. तो आवाज माझा वाटेना. मग हळूच म्हटलं, "हाय की." आतून कुणीतरी ओ दिल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच म्हणालो. पुन्हा हसले. शेजारची जागा वर्षभर रिकामी राहिली. पण मी हजर होतो.