हाकेचा अलंकार

वर्गाच्या पत्र्यावरून कावळ्याची नखं खरवडत जात, आणि तो कोरडा, सावकाश आवाज आठवला की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सातपूरच्या कामगारांची मुलं येत अशा एका शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवत असे. इंग्रजी अलंकार म्हणजे पोरांच्या लेखी गाइडमधून घोकायचा जुलूम. सिमिली, मेटॅफर कसेबसे गळी उतरत आणि अपॉस्ट्रफीपाशी गाडी अडे. दिवंगत वा अनुपस्थित व्यक्तीला, जणू ती समोरच उभी आहे असं मानून घातलेली हाक, अशी व्याख्या मी फळ्यावर लिहायचे. आणि ओळखायला सोपं जावं म्हणून पदरचं एक वाक्य जोडायचे, समोरून उत्तर येत नाही, हीच तिची खूण.

सुनंदाच्या डोक्यात ते काही केल्या शिरेना. "बाई, जो माणूस नाहीच, त्याच्याशी कोण बोलतं?" ती विचारायची. आईवेगळी पोर; वडील कारखान्यात लेथवर. त्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन तेही गेले, आणि दहाव्याला मी आमच्याकडच्या नदीवर गेले; तिला सगळे गंगाच म्हणतात.

पाण्यावर धुकं साचलं होतं. पिंड मांडून झाले, कावळे भिंतीवर येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग जिवंतांनी मोठ्यानं वचन द्यायचं. पिंपळगावाहून आलेले सुनंदाचे काका हात जोडून म्हणाले, "दादा, काळजी करू नको. पोरीला शाळंतून काढतो, औंदाच उजवून टाकतो. लय चांगलं घर हाय." कावळ्यांनी माना फिरवल्या. खरंच फिरवल्या, की मलाच तसं भासलं? शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा वळू लागले. खरा येत नसला की गवताचा शिववायचा आणि मोकळं व्हायचं! मला भीती वाटली. ती गवताची चोच पिंडाला लागली असती, तर काकांचं वचनच अखेरचं ठरलं असतं आणि पोरीची शाळा तिथेच संपली असती.

इतक्यात सुनंदा पुढे झाली. "आप्पा, मी शाळा सोडणार नाही. दहावी होणार. आता तुम्ही जा."

पंखांचा वारा माझ्या गालाला लागला. मी पाहिलं तेव्हा पिंडाला कावळा शिवला होता. गुरुजींच्या हातात दर्भ तसाच राहिला, काका पांढरेफटक पडले. मेलेल्या भावानं ऐकून घेतलेला शब्द मोडायची छाती कुणाची होणार? सुनंदा शाळेत राहिली.

उजळणीच्या तासाला तिनं हात वर केला. "बाई, अपॉस्ट्रफी कळली मला. पण उत्तर आलं, तर त्याला काय म्हणायचं?" वर पत्र्यावर नखं खरवडली. सगळ्या वर्गानं माना वर केल्या. तिनं तेवढी मान वर केली नाही.

त्यानंतर कितीक वर्गांना मी तीच व्याख्या शिकवली, पण पदरचं वाक्य पुन्हा कधी जोडलं नाही. आणि पत्र्यावर तो आवाज आला की बोलणं थांबवायचे. एखाद्या पोरासाठी निरोप असेल, तर मध्ये आपण बोलू नये.