एका ठिपक्याची चावी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. तपास पूर्ण झाला, कागद कोर्टात गेले, तरी ते मिटलं नाही. त्यातली सगळ्यात मोठी चूक आरोपपत्रात कुठेच नव्हती. ती माझी होती.

मी तेव्हा दिल्लीतल्या द्वारकेच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बालपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, शाळा पहाडगंजची मराठी. ठाण्यात सगळे मला ‘मराठा’ म्हणत. कोणी मराठी माणूस तक्रार घेऊन आला की नोंदी लिहिणारा मुन्शी जागेवरूनच ओरडायचा, “मराठा साब, आपके गांववाले आए हैं.”

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी तशीच हाक आली. समोर पस्तिशीच्या बाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान गुडगावच्या एका कंपनीत होते. त्या दिवशी सकाळी मुसळधार पावसात गाडी घेऊन निघाले ते ऑफिसात पोहोचलेच नव्हते. मोबाइल बंद. बाईंनी पर्समधून फोटो काढला आणि त्याच्या शेजारी गाडीची जादा चावीही ठेवली.

“ही माझ्याकडची. दोन्ही चाव्या सारख्याच दिसतात म्हणून मी नेलपॉलिशने खुणा केल्यात. त्यांच्या चावीवर एक ठिपका, माझ्या चावीवर दोन.”

घाबरलेली माणसं असे न विचारलेले तपशील देतात. मी ऐकून घेतलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, “सकाळी काही बोलाचाली झाली होती?”

“झाली. त्यांना पुण्याला परत जायचं होतं, मी नको म्हणत होते. दार आपटून गेले.”

दार आपटून गेले, या तीन शब्दांवर माझा तपास संपला.

“वहिनी,” मी म्हणालो, “आपल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगतो. गाडीचा नंबर वायरलेसवर टाकला की हरियाणाचे पोलीससुद्धा दारात येतील, सोसायटीत चौकशा करतील. सगळीकडे बोभाटा होईल. राग निवळला की माणूस परत येतो. आठ दिवस थांबा.”

“तुम्ही म्हणताय तर थांबते, दादा.”

ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत, रोजनामच्यात मी लिहिलं, ‘घरगुती वादातून स्वेच्छेने निघून गेले.’ दुसरं कोणी असतं तर तासाभरात शेजारच्या सगळ्या ठाण्यांना संदेश गेला असता. या आपल्या होत्या, म्हणून मी त्यांच्यावर उपकार केला.

आठ दिवसांनी संदेश पाठवला. कुठूनच काही कळलं नाही. पाच महिने बाई दर सोमवारी ठाण्यात येत राहिल्या. नोंदीची नक्कल सासरच्यांनी मागून घेतली होती. त्यानंतर त्यांनी सुनेचा फोन उचलणं सोडलं. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की शेजारणी गप्प व्हायच्या. नवऱ्याने टाकलेली बाई, हे त्यांच्याबद्दल ठरून गेलं होतं आणि त्याला सरकारी शिक्का माझा होता.

जानेवारीत एक निवृत्त पंजाबी मास्तर ठाण्यात आले. मफलर कानाला गुंडाळलेला, चेहरा गंभीर.

“साब, मेरी गाडी में कोई और बैठा है.”

मुन्शी रजिस्टरातून डोकंही वर न काढता म्हणाला, “मास्टरजी, उतार दो उसको. एफआयआर किसकी लिखें, भूत की?”

“हंस ले बेटा. पहले सुन तो ले.”

मास्तरांची गाडी सात-आठ वर्षं जुनी. पावसाळ्यात एका पुलाखालच्या साचलेल्या पाण्यात ती बंद पडली आणि तिचा ईसीएम गेला. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कारभार चालवणारा डबा. पेट्रोल किती सोडायचं, पंखा कधी फिरवायचा, सगळं तो ठरवतो. नवा डबा परवडेना, म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनने त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा बसवून दिला. तेव्हापासून गाडी बंद करून, चावी काढून मास्तर लिफ्टपाशी पोहोचले की मागे बॉनेटखालचा पंखा आपोआप सुरू व्हायचा. कधी मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची घरघर यायची, कोणाला धाप लागल्यासारखी. मास्तरीणबाईंनी त्या गाडीत बसणं बंद केलं होतं.

मास्तर माणूस चिकट. स्वतः पाना घेऊन बसले आणि स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. आत काळ्या टेपने काहीतरी बांधलेलं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. पातं कापून टाकलेल्या चावीचं काळं प्लॅस्टिकचं डोकं. टेपचा चिकटा मी अंगठ्याने पुसला, तर खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. एकच.

मुन्शी आणखी काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

त्याच दुपारी मी बाईंकडे गेलो. “तुमची चावी तासाभरासाठी हवी आहे. रुटीन तपास आहे,” एवढंच बोललो. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“चावी देते. पण मीही येणार.”

नाही म्हणायचं मला धाडस झालं नाही.

मास्तरांच्या सोसायटीच्या तळघरात भरदुपारीही ट्यूबलाइट लागत. इलेक्ट्रिशियनला मी हवालदाराबरोबर तिथेच बोलावलं होतं. तिशीचा, हात ग्रीसने काळे. त्याने समजावून सांगितलं. अशा गाड्यांच्या चावीच्या डोक्यात एक चिप असते. डब्याला आपल्याच चाव्यांच्या चिपा ठाऊक असतात; अनोळखी चिप असली की इंजिन सुरू होत नाही. म्हणून त्याने भंगारातून डबा आणि चावी असा संचच आणला होता आणि त्या चावीचं डोकं स्टिअरिंगजवळ लपवून बांधलं होतं. अशा जोडण्या बाजारात सर्रास होतात.

एका ठिपक्याचं डोकं बाजूला ठेवून मास्तरांनी आपली चावी फिरवली. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला, इंजिन हललं नाही. मग मी बाईंची दोन ठिपक्यांची चावी स्टिअरिंगजवळ धरली.

लाल दिवा विझला. पहिल्याच फिरकीला इंजिन सुरू झालं.

बाई एक पाऊल मागे सरकल्या.

“गाडी यांची आहे ना?” त्यांनी मराठीत विचारलं. “मग माझ्या चावीला कशी ओळखते ही?”

मास्तरांना मराठी येत नव्हती, तरी त्यांनी हळूच गाडी बंद केली. पंखा फिरतच राहिला.

“ये पंखा बंद कर यार,” मी इलेक्ट्रिशियनवर खेकसलो. त्याने बॅटरीची वायर काढली, डबा सोडवला आणि झाकण उघडलं. सर्किटवर हिरवट बुरशीसारखा गंज चढलेला होता आणि कोपऱ्यात राखेच्या रंगाचा बारीक गाळ बसलेला होता.

“अंकल का डिब्बा पानी से खराब हुआ था,” तो म्हणाला. “ये वाला तो उससे भी ज्यादा डूबा था, साब. मैंने पेट्रोल से धोया, चार दिन धूप में रखा, चल पडा. इसी लिए पंखा पागल है.”

“चाबी कहां थी?”

“भंगारवाले ने बताया, इग्निशन में ही लगी थी.” तो थांबला. “ऑन पर.”

घर सोडून गेलेला माणूस गाडी पाण्यात चालू ठेवून जात नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना त्याचा हिंदी शब्द न् शब्द कळला होता. त्यांनी माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि पदराखाली मुठीत धरली.

भंगारवाल्याला त्याच दिवशी उचलला. आधी त्याने गाडीच्या मालकाचं नाव, पत्ता, मिशा, सगळं रंगवून सांगितलं. खोटं बोलणारा माणूस कथा सजवतो. “चाबी ऑन पर क्यों थी?” हा एकच प्रश्न मी पुनःपुन्हा विचारत राहिलो. चौथ्या वेळी त्याच्या मिशांच्या वर्णनाला खीळ बसली. क्रेनवाल्याने हरियाणाच्या हद्दीतल्या नाल्यातून पाणी ओसरल्यावर गाडी ओढून काढली होती. आत कोणी नव्हतं, ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली होती. नंबर प्लेट काढून दोघांनी गाडी सुटी करून विकली.

गुडगावच्या नवीन ऑफिसांकडे जाणारा, नाल्याकाठचा जवळचा कच्चा रस्ता मी जाऊन पाहिला. वळणावर कठडा नव्हता. पावसात रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे सुरू होतो, ते कळायला मार्ग नव्हता.

हरियाणाच्या बाजूच्या ठाण्यातल्या हवालदाराने बेवारस प्रेतांची फाइल काढली. तारखेवर बोट ठेवलं. बाई माझ्याकडे आल्या, त्यानंतरचा तिसरा दिवस. नाल्यातून काढलेल्या प्रेताचा फोटो ओळखण्यासारखा होता. नियमाप्रमाणे तीन दिवस वाट पाहून त्यांनी अंत्यसंस्कार केले होते.

“जनाब, हमने तो आसपास सब से पूछा था,” तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता. “आपकी तरफ कोई मिसिंग चढा ही नहीं था.”

ते खरं होतं. त्यांचं विचारणं आमच्याकडे आलं तेव्हा आमच्या यादीत तो माणूस नव्हता. मी त्याला घरगुती भांडण म्हणून रोजनामच्यात ठेवला होता, आणि माझा संदेश गेला तोवर त्यांची फाइल बंद झाली होती.

बाईंना सांगायला मी एकटा गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तुम्ही आठ दिवस थांबायला सांगितलंत, तेव्हा ते कुठे होते?”

“तिसऱ्या दिवसापासून शवागारात. सहाव्या दिवशी…”

“म्हणजे मी घरात बसून त्यांच्या रागाची वाट बघत होते.” “पण सोडून गेले नव्हते. हे लिहून द्या. सासूबाईंना दाखवायचंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा जबाब घेताना मी ते लिहिलं. पाऊस, नाला, अपघात, गाडीची चोरी, स्वेच्छेने गेल्याची पूर्वीची नोंद चुकीची असल्याचंही लिहिलं. आठ दिवस का थांबलो, ते लिहिलं नाही. बढतीची यादी त्याच महिन्यात निघायची होती.

बाईंनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना जुन्या नोंदीच्या ओळीपाशी थांबल्या. पेन उचलून सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “दादा, तुमचे आठ दिवस तेवढे राहिले.”

मुन्शी समोरच होता. त्याला मराठी कळत नव्हती. मी मान खाली घालून शिक्का मारला. बढती मिळाली. पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या सब-इन्स्पेक्टरला मी एकच गोष्ट शिकवली: बेपत्ताची तक्रार आली की आधी गाडीचा नंबर सगळीकडे पाठवा, भांडणाचं नंतर विचारा, आणि समोरचा आपला वाटला तर दुप्पट घाई करा. असं का, ते त्यांनी विचारलं की मी नियमाकडे बोट दाखवायचो. कारण माझ्याजवळच होतं. ते इतक्या वर्षांनी इथे लिहिलं आहे.