पेटीची खंडेनवमी

आमच्या नेरूळच्या घरात टीव्हीशेजारी एक काळी पेटी असते. आत चार हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्या पेटीत जातात आणि कुणाच्याही फोनवर बघता येतात. ती मी आणली, मीच बसवली आणि आल्यागेल्यासमोर तिची इतकी टिमकी वाजवली की आई वैतागली. "चारातली एक डिस्क काढली तरी हिचं काही बिघडत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एक डिस्क काढून दाखवलीही होती. आणि दुसरा नियम असा, की पेटीच्या प्लगला कुणी हात लावायचा नाही. त्यावर मी चिठ्ठीच चिकटवली होती.

आप्पा साताऱ्याकडून आले ते नवी मुंबईतल्या पावणे इथल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागले आणि तिथेच फोरमन झाले. त्यांच्या लेखी वर्षात सण एकच, खंडेनवमी. दिवाळी त्यांना फराळापुरती लागते. पण खंडेनवमीला मशीन लखलखीत पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, यात तडजोड नाही. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी घरातल्या यंत्रांना धरलं. एका वर्षी मिक्सर, एका वर्षी वॉशिंग मशीन. एकदा तर माझ्या हेअर ड्रायरला कुंकू लागलं होतं.

गेल्या वर्षी मान पेटीचा होता. कारण कारखान्यातल्या शेवटच्या खंडेनवमीचा व्हिडिओ तिच्यात होता. तो काढला होता आप्पांच्या कामावरच्या जोडीदाराने, उरणच्या मोरा बंदराकडून कामाला येणाऱ्या काकांनी. व्हिडिओ लांबलचक, व्हॉट्सॲपवर जाईना, म्हणून मी तो काकांच्या फोनवरून पेटीत उतरवून घेतला. पुढे काकांचा फोन होडीतून खाडीत पडला. म्हणजे जगात त्याची प्रत एकच. त्या खंडेनवमीनंतर महिन्याभरातच कारखान्याला टाळं लागलं होतं आणि आप्पा तो व्हिडिओ बघायचं टाळत राहिले. "बगवत न्हाई," एवढंच म्हणायचे. मग त्यांच्या खात्यातले दोघं वर्षभरात गेले. त्यांचे हसते-बोलते चेहरे फक्त त्या व्हिडिओत उरले होते. तेव्हा आप्पांनी आपण होऊन काकांना फोन केला, "दसऱ्याला ये. दोगं मिळून बगू."

खंडेनवमीला सकाळी मी भाजी घेऊन आले तर पेटी कर्कश ओरडत होती. समोर पाट, पाटावर तबक, आणि आप्पा कानात बोटं घालून उभे.

"आप्पा, काय केलंत?"

"पूजा केली. पर ही का वरडतीया?"

"डिस्क काढल्या तुम्ही?"

"एका टायमाला एकच काढली!" आप्पा ठसक्यात म्हणाले. "तूच म्हनलीवतीस, एक काढली तर काय हुत न्हाई. एक काढली, पुसली, हळदकुंकू लावलं, परत जाग्यावर. मग दुसरी. चारी एकदम काढायला मी काय येडा हाय?"

"आणि पेटी चालू ठेवून?"

"प्लगला हात लावू नगा, हे कुनी लिवलंय?"

माणसाने माझा शब्द न् शब्द पाळला होता.

मी सांगायची विसरले होते ते असं. चार जावांनी मिळून सासूची एक पाककृती लक्षात ठेवावी, तशा या डिस्क. एक माहेरी गेली तर उरलेल्या तिघी निभावून नेतात. पण ती परतली की मधल्या काळात काय काय झालं ते तिला नीट सांगावं लागतं, आणि त्याला तासन् तास लागतात. आप्पांनी पहिलीला उंबरठ्यात उभी करून लगेच दुसरीला माहेरी धाडलं, मग तिसरीला, मग चौथीला. पेटीने हात टेकले. पडद्यावर एकही फोटो दिसेना.

"व्हिडिओ?" आप्पांनी हळूच विचारलं.

"बघते," मी म्हटलं. आप्पा गॅलरीत जाऊन बसले. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. एवढा बोलका माणूस, पण काकांचा फोन वाजला तर त्यांनी तो आईच्या हातात दिला. मला त्यांची फार दया आली आणि स्वतःच्या टिमकीचा राग.

मी जुना कॉम्प्युटर काढला, चारही डिस्क केबलने त्याला जोडल्या. पहिली सगळ्यात आधी बाहेर पडलेली, तिच्याकडची नोंद जुनी, म्हणून तिला बाजूला ठेवली. बाकीच्या तिघींचा मेळ बसला तर सगळं परत मिळणार होतं. पण तिसरी दिसेचना. फिरवून पाहिली, तर जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल्या हळदकुंकवाचा जाड टिळा.

"आप्पा, अहो इथे का लावलंत?"

"सोन्यावानी चमकत हुतं," गॅलरीतून उत्तर आलं. "म्हनलं, तोंड ह्येच असंल."

आई उठली आणि देवांची भांडी घासायचा मऊ ब्रश घेऊन आली. "देवाच्या कपाळाचं कुंकू ह्यानंच निघतं," म्हणाली. मी स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हाताने घासत गेले. आई टॉर्च धरून, "तिकडं ऱ्हायलंय, कोपऱ्यात," असं सांगत होती. परत जोडली, तर तिसरी दिसली. मग घाई न करता आधी तिघींच्या नकला काढायला लावल्या, कारण आता चूक झाली तर ती माझी. पेटी बसवताना धरला नव्हता तेवढा धीर मी त्या दिवशी धरला.

दसऱ्याला दुपारी नकलांवरून तिघींचा मेळ बसला. फोल्डर एकेक उगवायला लागले. मी ओरडले, "आप्पा, आलं!" आप्पा आले, पडद्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दाढी करायला गेले.

संध्याकाळी काका आले. सोनं दिलं-घेतलं, श्रीखंड झालं, आणि आप्पांनी सांगायच्या आतच आईने कुंकवाची सगळी कथा काकांना ऐकवून टाकली. काका मांडीवर थापा मारत हसले. मग मी टीव्हीवर व्हिडिओ लावला.

शेड झेंडूने भरलेली. ते गेलेले दोघं पेढे वाटत, एकमेकांच्या तोंडाला कुंकू फासत नाचत होते. आप्पांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. काका म्हणाले, "बग, कसा नाचतंय येडा."

मग पडद्यावर आप्पांचा लेथ आला. त्याची पूजा व्हायची होती, तो अजून गरगर फिरत होता. फोन काकांच्या एका हातात, आणि त्यांचा दुसरा हात, अंगठ्याला कुंकू लावलेला, त्या फिरत्या मशीनकडे चाललेला. तेवढ्यात पडद्यावरचे आप्पा धावत आले आणि त्यांनी तो हात धरला.

"आरं ए शहान्या! चालू मशीनची पूजा करतूयास? आदी मेन बंद कर, मग हळदकुंकू!"

काका सावकाश आप्पांकडे वळले.

"फोरमन, मना कवरा वरडलास रं तवा!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी तर सोफ्यावरून घसरले. आप्पा पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होते. ते उठले, पेटीजवळ गेले, चष्मा लावून माझी चिठ्ठी वाचली आणि ती उचकटून काढली.

"पोरी," ते म्हणाले, "हिचा मेन कुठं हाय, तेवडं दाव."