पिवळ्या कुत्र्याचं पथ्य

निजामाच्या राज्यात मी पाटोद्याला सलोतरी होतो. सलोतरी म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर, पण तालुक्यात माझा मान नाल ठोकणाऱ्यापेक्षा काकणभरच जास्त. बैल उठेना झाला की आधी मांत्रिक, मग शेजारी, मग मेव्हणा, आणि बैलाचे डोळे पांढरे झाले की मी. बैल मेला की नाव मात्र माझं.

दीड कोसावरच्या एका गावात एक देशमुख होते. अंगाने धिप्पाड, मिशांना तेल, आणि डोकं फक्त पागोटं बांधायला. रस्त्याच्या मोजणीवर आलेला एक गोरा साहेब हिवाळाभर त्यांच्या मळ्यात उतरला होता. विलायतेला परत जाताना त्याने आपला कुत्रा देशमुखांना देऊन टाकला. लांब केसांचा, पिवळाजर्द, गरीब स्वभावाचा. साहेबाने मारलेली बदकं तो तळ्यातून पोहत आणायचा आणि पिसाला दात लागू द्यायचा नाही. साहेबाने मला मुद्दाम बोलावलं आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत पथ्य सांगितलं: खाणं दिवसातून एकदाच, गोड अजिबात नाही, रोज पळवायचं, केस विंचरायचे, पोहून आला की कान कोरडे करायचे. देशमुख प्रत्येक वाक्याला 'जी हां' म्हणत होते. जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारालाही ते असंच 'जी हां' म्हणत आणि असंच विसरत.

साहेबाच्या घोड्याची धूळ बसायच्या आत गावाने निकाल लावला. कुत्र्याचा रंग भंडाऱ्याचा, म्हणजे कुत्रा खंडोबाचा. झालं! देशमुखांनी त्याला ओसरीवर गादी घातली. दर रविवारी त्याच्या केसांत मूठमूठ भंडारा चोळायला लागले. पार उमापुराहून लोक नवस बोलायला येऊ लागले, आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्यासाठी पुरणाची पोळी. मूल होईना, पोळी. खटला निकालात निघेना, पोळी. सून नांदेना, पोळी. सून कशाने नांदत नाही हे सासूला विचारावं, कुत्र्याला काय विचारायचं?

पाऊसकाळ संपता संपता, एकेकाळी तळं पार करणारा तो कुत्रा ओसरीची पायरी चढताना दोनदा बसू लागला. कानांतून पू, केसांत हळदीच्या गाठी, गाठींखाली गोचीड. एका उंटावरच्या शहाण्याने धनगराला बोलावून त्याला मेंढरासारखा कातरायचं ठरवलं होतं, ते तेवढं मी थांबवलं.

"पोळ्या बंद करा," मी देशमुखांना म्हणालो, "नाहीतर हा मरेल."

"देवाच्या कुत्र्याला उपाशी ठेवू म्हन्ता? कावून?" देशमुख म्हणाले. "लोक लई आशेनं येतेत, सलोतरी. त्यांच्या तोंडावर न्हाई कसं म्हनावं?"

खरं बोलून उपयोग नव्हता, म्हणून खोटं बोललो. याला खरूज झाली आहे आणि ती माणसाला लागते, म्हणालो. देशमुखांनी गादीवरचे पाय झटक्यात वर घेतले. त्याच दिवशी कुत्रा माझ्या दवाखान्यात आला.

गाठी कात्रीने कापल्या. गोचीड एकेक करून उपटले आणि रॉकेलच्या वाटीत टाकले. कान रोज उकळलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसले, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घातली. संध्याकाळी एक भाकरी आणि मटणाचं पाणी, बस्स. सकाळी मांजरा नदीच्या काठाने आधी चालवत, मग पळवत नेलं. पण भाविक कसले ऐकतात? ते पाटोद्यालाही आले आणि कुडावरून पोळ्या फेकू लागले. तेव्हा मी त्याला माझ्या हातचंच खायला शिकवलं. नाकासमोर पेढा पडला तरी तो आधी माझ्याकडे बघायचा. दोन महिन्यांत त्याची कंबर दिसू लागली आणि तो पुन्हा डोहात उडी मारू लागला. मला बायकापोरं नव्हती. त्या कुत्र्यावर माझा जीव जडला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

चंपाषष्ठीला देशमुखांची गाडी आली; दोन महिन्यांत खरूज गेली असणार, असं त्यांनीच ठरवलं होतं. नैवेद्य देवाच्या कुत्र्याने खाल्ल्याशिवाय कोणी उपास सोडणार नव्हतं. मी त्याच्याबरोबर गेलो. देवळापुढे तळी उचलली, येळकोट झाला आणि देशमुखांनी ताट पुढे सरकवलं. बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, वर पोळ्या आणि तुपाची धार. कुत्र्याने वास घेतला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

देशमुखांनी घास त्याच्या तोंडाला लावला. त्याने तोंड फिरवलं. मग एक म्हातारी रडत म्हणाली, "देव कोपला गं बाई."

"काय केलंस बे त्याला?" देशमुख माझ्यावर ओरडले.

मीच शिकवलं, एवढंच सांगायचं होतं. पण उपाशी पोटाची शंभर-दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी घाबरलो. मांत्रिकाला, मेव्हण्याला, देशमुखाला तोंडावर मूर्ख म्हणणारा मी, पण गर्दीसमोर ते एक वाक्य गिळलं. मी ताटापाशी बसलो आणि घास पुढे केला. त्याने शेपूट हलवली आणि खाल्ला.

येळकोट! येळकोट! मग ज्याने त्याने आपली पोळी, आपला रोडगा माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. "तुमच्या हातानंच घाला, सलोतरीसाहेब." प्रत्येक घासाला तो आधी माझ्याकडे बघायचा आणि मग खायचा. शेवटी शेवटी त्याला नको होतं, तरी खात होता.

दुपार कलायच्या आत त्याचं पोट ढोलासारखं झालं. फुगलेलं पोट टोचायची सळई माझ्याकडे होती, पण ती पाटोद्याला, दीड कोसावर. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

देवाने आपला कुत्रा आपल्याच दिवशी परत नेला, असं गावाने ठरवलं. देशमुख समाधीचे दगड कुठून आणायचे ते बोलू लागले. आणि ज्याच्या हातून देवाच्या कुत्र्याने शेवटचा घास घेतला, त्याच्या पाया पडायला रांग लागली. एकेकजण माझ्या पायांवर डोकं ठेवून गेला. मी पाय मागे घेतले नाहीत.