प्लीज वेट

“तिचंच तोंड कोणी उघडलेलं पाह्यलं नाही, अन् ती तुले बोलाले शिकवून राह्यली,” स्वयंपाकघरात आई वहिनीला सांगत होती.

मी पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. वेचणी सुरू झाली की आमच्या घरात कापूस सोडेल तेवढीच जागा माणसांना उरते. वहिनी पाणी प्यायला आत गेली होती. ती परत आली आणि काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्याने बसली. मीही तोच चेहरा केला.

आमच्या तेलंगणातल्या बोथच्या एका खासगी शाळेला रिसेप्शनवर बाई हवी होती. वहिनी सीमेपलीकडची, महाराष्ट्रातल्या किनवटकडची, मराठी शाळेत बारावी झालेली. तेलुगू तिला लग्नानंतर बाजारापुरती आली होती. इंग्रजी मी शिकवायचं ठरलं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. नोकरी मिळाली नाही तर सोमवारपासून शेतात वेचणीला जायचं, हेही आईने ठरवून टाकलं होतं. वहिनीचा कापसावर काही राग नव्हता. “पण मले खुर्चीवर बसून पाहाचं हाये एकदा,” ती म्हणाली होती.

शाळेत आमच्याकडून विनंतीची सगळी वाक्यं पाठ करून घेतली होती. प्रत्यक्षात मी विनंतीवाचूनच भागवायचे. तहान लागली तर घरी येऊन पाणी प्यायचे.

शब्द वहिनीला पटकन येत. अपॉइंटमेंट, ॲडमिशन, सिग्नेचर. गाडी अडायची ती ‘प्लीज वेट’पाशी. मी पालक होऊन दारातून आत यायचे. वहिनी उठायची, मला बसवायची, पाणी द्यायची, “हॅव यू इटन?” विचारायची. पुढे काही नाही.

“आता थांबाले सांग,” मी म्हणायचे.

“काऊन?”

“प्रिन्सिपॉल कामात हाये म्हणून.”

“मंग बसवलं ना म्या तुमाले, ताई. आलेल्या माणसाले थांबा म्हणते का कोणी? त्याले वाटन, मी काय उठून चाललो होतो का!”

आमच्याकडे हे खरंच असं आहे. माणसाच्या हातात पाणी दिलं की तो थांबतो. थांबा म्हटलं की त्याला शंका येते. इंग्रजीत मात्र सांगावं लागतं, असं मी तिला समजावलं.

“इंग्रजीतले लोक लयच उठून जात असन,” वहिनी म्हणाली, आणि तिने ‘प्लीज वेट’ पाठ केलं.

मुलाखतीला मी सोबत गेले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. मुलाखत घेणारे सर तेलुगू होते, आमच्याशी इंग्रजीत बोलत होते. ते वहिनीला म्हणाले, समजा मी पालक आहे, मला प्रिन्सिपॉलना भेटायचंय, पण ते मीटिंगमध्ये आहेत. मग ते खरोखरच बाहेर जाऊन पुन्हा आत आले.

वहिनी उठली. तिने खुर्ची सरकवली. सर बसले. तिने पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“हॅव यू इटन, सर?”

“यस,” सर म्हणाले. ते पाणी प्याले. बाटलीचं झाकण लावलं. वहिनी त्यांच्याकडे आदराने बघत उभी राहिली. भिंतीवरचा पंखा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन परत आला. मी मनातल्या मनात ‘प्लीज वेट’ म्हणत होते, त्याचा काही उपयोग नव्हता.

“मॅडम,” सर शेवटी म्हणाले, “यू डिड नॉट रिक्वेस्ट मी टू वेट.” आणि मग, “ओके. वी विल इन्फॉर्म यू.”

म्हणजे सोमवार. हे वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं, तरी वहिनीला ते कळलं. तिने बाटली पिशवीत घातली, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता दाराकडे निघाली.

मी उभी राहिले. एक्स्क्यूज मी, मे आय, वुड यू माइंड, सगळी वाक्यं ओळीने हजर होती. त्यातलं एकही इथे लागू पडत नव्हतं. सर अजून वहिनीने दिलेल्या खुर्चीतच बसलेले होते.

“सर,” मी म्हणाले, “शी डिड नॉट रिक्वेस्ट. बट यू वेटेड.”