पडद्याची पाठ

कूलर खिडकीपासून सुटला तेव्हा खोलीत आधी वास आला आणि मग उजेड. जुन्या वाळ्याच्या ताट्यांचा, गंजलेल्या पत्र्याचा, पाणी आटून गेलेल्या टाकीचा तो ओलसर वास नाकात भरतो न भरतो, तोच कार्तिकातलं कोवळं ऊन चौकटीतून आत आलं आणि समोरच्या भिंतीवर आडवं टेकलं. त्या भिंतीवर सकाळ पडते हे मला ठाऊकच नव्हतं. ज्या घरात संसाराची ऐन वर्षं काढली, त्या घराच्या एका भिंतीचा खरा रंग ते घर विकायला काढल्यावर कळावा, याला काय म्हणावं?

खिडकी वायुविजनासाठी असते, प्रकाशासाठी असते, असं मी शाळेत शिकले आणि पुढे शिकवलंही. पण साकोलीच्या वैशाखाने ज्याला एकदा भाजून काढलं, त्याला विचारा खिडकी कशासाठी असते. तो म्हणेल, कूलर बसवायला. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीचंही तेच झालं होतं. पुढे एसी आला, तरी कूलर तिथेच राहिला. निवृत्त माणूस कचेरीच्या दारात उगाच घोटाळत राहावा, तसा.

यांच्या गुडघ्यांनी आणि हृदयाने मिळून आम्हाला नागपूरला, लेकीजवळ जायला भाग पाडलं होतं. घर विकायचं ठरलं आणि रेवतीचे फोन सुरू झाले.

"आई, घर बघायला येणारा माणूस सगळ्यात आधी उजेड बघतो. तो कूलर काढ. आणि ते फुलाफुलांचे पडदेसुद्धा."

"का गं, फुलांनी काय केलं तुझं?"

"ती तुझी फुलं आहेत, आई. येणाऱ्याला तिथे स्वतःचं घर दिसलं पाहिजे. तुझं नाही."

मला त्या वाक्याचं नवल वाटलं. म्हणजे घर विकताना आपण भिंती विकत नाही, एक रिकामी जागा विकतो, जिच्यात परक्या माणसाला आपलं उद्याचं आयुष्य मांडून बघता यावं! आणि त्या मांडणीला पहिला हात लागतो तो पडद्याचा. रेवतीचे बाकीचे धडेही मी कुतूहलाने ऐकले. पडद्याचा रॉड चौकटीला लागून न ठोकता छताकडे वर सरकवायचा, म्हणजे खोली उंच भासते. तो चौकटीच्या दोन्ही बाजूंना जरा लांब ठेवायचा, म्हणजे पडदा सारला की खिडकी पूर्ण मोकळी राहते आणि आहे त्याहून रुंद दिसते. कापड फिकं, एकरंगी, जमिनीपर्यंत पोचणारं. स्वयंपाकघरात पडदा नकोच, तिथे गुंडाळून वर जाणारं ब्लाइंड. इतकी वर्षं मी पडद्याकडे धूळ बसणारी वस्तू म्हणूनच पाहिलं होतं, आणि इथे तर तो डोळ्यांना चकवणारा मोठा कलावंत निघाला.

बाकीच्या खिडक्यांचं काम या धड्यांनी सुरळीत झालं. अडलं ते मागच्या खोलीपाशी. कारण कूलर निघाल्यावर उजेडाबरोबर आणखी एक गोष्ट आत आली होती.

त्या खिडकीसमोर, मधल्या चिंचोळ्या बोळापलीकडे, शेजारच्या कुंदाची छपरी, म्हणजे पत्र्याची पडवी आहे. छपरीत खाट, आणि खाटेवर कुंदाचे सासरे. ती त्यांना मामाजी म्हणते, म्हणून आम्हीही मामाजीच म्हणतो. आयुष्यभर धानाची शेती केलेला माणूस. लकवा मारला आणि डावं अंग गेलं, तेव्हा कुंदा नि तिचा नवरा त्यांना गावाहून इथे घेऊन आले. नवरा पहाटेच शेतावर जातो; मामाजी दिवसभर त्या खाटेवर. बोळात पाऊल वाजलं, भांडं पडलं, कावळा बसला, की ते विचारतात, "कोन हाय?" उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतात. मी त्यांना भेटायला पुढच्या दाराने जात असे, त्यामुळे ते मला ठाऊक नव्हते असं नाही. पण घरात बसून त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उन्हाळ्यात एसीच्या घरघरीत तो बुडून जाई, आणि एरवी कूलरचं धूड मध्ये उभं असे.

घर बघायला जे पहिलं जोडपं आलं, ते पुढच्या खोलीत खूश होतं. मागच्या खोलीत आलं आणि मामाजींनी हाक दिली, "कोन हाय?" कुणीच बोललं नाही. पुन्हा, "कोन हाय जी?" त्या गृहस्थाने खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "हे दिवसभर असंच चालतं का?"

"आजारी आहेत," मी म्हटलं. "चाहूल लागली की विचारतात."

"कळवतो," ते म्हणाले. कळवलं नाही.

त्यांना गेटपर्यंत पोचवून हे परत आले नि खुर्चीत बसत म्हणाले, "त्या खिडकीचं काहीतरी करावं लागेल." एवढंच. पण 'काहीतरी' म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी बाजारात गेले. दुकानदाराने खिडकीचं माप विचारलं, समोर काय आहे ते विचारलं, आणि जाड, अस्तर लावलेलं कापड पुढ्यात पसरलं. "हे घ्या मॅडम. समोरचं काही दिसत नाही, आवाजही दबतो. घर विकायचं असलं की लोक हेच नेतात." कापड सुंदर होतं, शेवाळी रंगाचं, जड. मी त्याच्यावरून हात फिरवत राहिले. दुकानदार काही वावगं सांगत नव्हता. तरीही मी ते न घेता परत आले. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन खिडकीचं माप पुन्हा मोजत होते. पलीकडे कुंदा मामाजींच्या तोंडाला भाताचा घास लावत होती. तिचं लक्ष गेलं.

"पडदा लावून राहिले का, ताई?"

"हो गं. कसला लावावा तेच कळेना."

तिने घास भरवला, पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि खिडकीजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "घर पाहाले लोक कधी येनार हाय, तेवढं मले आदल्या दिवशी सांगजा. मी मामाजीची खाट मांगच्या आंगनात नेत जाईन. तेवढा वेळ तिथं झोपतील ते."

मी टेप गुंडाळली. "तुला कुणी काही म्हटलं का?"

"कोनी कायले म्हनन? त्या दिवशी ते लोक पाहून गेले, मले समजलं ना. मले राग नाई आला, ताई. घर विकाले काढलं म्हनजे चांगलंच दिसाले पायजे."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता. लग्नात पाहुणे येणार म्हणून शेजारणीने आपल्या खुर्च्या देऊ कराव्यात, तितक्या सहजपणे ती आपलं घरातलं माणूस नजरेआड करायला निघाली होती. एखाद्या घराची किंमत वाढावी म्हणून दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याची खाट उन्हात न्यायची, हा कुठला हिशेब? आणि तोही जिने करायला नको, तिनेच माझ्यासाठी करून ठेवला होता.

"खाट कुठेही न्यायची नाही," मी म्हटलं. "तू असं कर, इकडे ये. आतून बघ जरा आणि सांग मला कसला पडदा लावू."

मामाजींचं आवरून ती आली. चहाला, हळदीकुंकवाला ती आमच्याकडे कितीदा आली असेल, पण या खोलीत, या खिडकीशी कधी उभी राहिली नव्हती. गजांना धरून ती बाहेर बघत राहिली. स्वतःचं घर दुसऱ्याच्या खिडकीतून पाहण्याचा योग किती जणांना येतो? आपण आपल्या घराकडे रस्त्यावरून पाहतो, दारातून पाहतो. शेजाऱ्याच्या डोळ्यांनी मात्र कधीच नाही. तिने छपरीचा उतरता पत्रा पाहिला, दोरीवरचे कपडे पाहिले, आणि मग तिची नजर खाटेवर थांबली.

"केवढेसे झाले ना, मामाजी," ती म्हणाली. "मी रोज उचलतो त्याइले. मले नाई समजलं."

खाटेवरून प्रश्न आला, "कोन हाय?"

"मी हाव, मामाजी. कुंदा."

"तिकडं कायले गेली?"

"तुमाले पाहाले."

त्यावर ते जरा विचारात पडल्यासारखे दिसले. कुंदा माझ्याकडे वळली. "ताई, बाकी तुमची पसंती. पन एक सांगू? पडद्याचं तोंड तुमच्याकडं राहीन, पाठ आमच्याकडं. मामाजी दिवसभर ती पाठच पाहातील. तं पाठ चांगली पाहाजा."

किती साधी गोष्ट, आणि रेवतीच्या कुठल्याही धड्यात नव्हती. पडदा घेताना आपण त्याचा चेहरा निवडतो. त्याची पाठ कोण पाहणार, असा प्रश्न कुणाला पडतो? दुकानातल्या त्या शेवाळी कापडाची पाठ मला आठवली. पांढरट, रबरासारखी, मुकी.

माझं माहेर आंधळगावचं, घरात हातमाग होता. हातमागाच्या साध्या विणीला उलटी-सुलटी बाजू नसते, दोन्हीकडून एकच पोत, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण आठवायला कुंदा लागली. मी गावाहून कोशाच्या रेशमासारख्या फिकट सोनेरी रंगाचं सुती कापड मागवलं. ते पातळ होतं, वाऱ्याने हलणारं होतं, त्यातून ऊन गाळून येत होतं, आणि आवाज तर ते मुळीच अडवत नव्हतं. पडदा टांगला त्या सकाळी पलीकडून विचारणा झालीच, "कोन हाय?" कुंदाने सांगितलं, "पडदा हाय, मामाजी." मी फटीतून पाहिलं, तर ते पडद्याचं हलणं बघत होते.

रेवतीने फोटो पाहून म्हटलं, रंग छान आहे, पण आई, कापड फार पातळ आहे. मी म्हटलं, असू दे.

त्यानंतर आणखी काही लोक येऊन गेले. कुणाला रस्ता अरुंद वाटला, कुणाला दाराची दिशा पटली नाही. मागच्या खोलीत आले की मी आपण होऊनच सांगत असे की शेजारी आजारी वृद्ध आहेत, ते हाका मारतात. ते ऐकून एकदा हे मला म्हणाले, "तू घर विकते आहेस की अडवते आहेस?" त्या दिवसांत माझं मलाच ते नक्की माहीत नव्हतं.

मग अश्विनी आली. इथल्याच एका शाळेत शिकवणारी, तिशीतली. नवऱ्याबरोबर तिचे वडीलही होते, आसगावचे शेतकरी. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलीला त्यांना जवळ आणायचं होतं आणि त्यांना यायचं नव्हतं. घर बघताना ते प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहत, जणू आत पाऊल टाकलं की होकार दिल्यासारखं होईल.

"बाबा, ही खोली तुम्हाला," मागच्या खोलीत अश्विनी म्हणाली.

"भिंतीशी बोलू का इथं?" ते दारातूनच म्हणाले.

मी मामाजींबद्दल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच हाक दिली. "कोन हाय?"

अश्विनीच्या वडिलांनी कान टवकारले. "कोन हाय जी?" पुन्हा आलं. आतापर्यंत आलेल्या एकाही माणसाने या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. हे गृहस्थ उंबरा ओलांडून सरळ खिडकीशी गेले आणि पडदा एका हाताने बाजूला सारला.

"मी हाव जी. आसगावचा."

"कोनतं आसगाव? पवनीचं?"

"पवनीचंच."

मामाजींची जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. पण पुढचा प्रश्न त्यांनी स्पष्ट विचारला. "धान कसा हाय औंदा?"

"लोंबी भरली होती. एका बांधीत कीड पडली, तुडतुड्यानं खाल्ला."

"पानी साचवून ठेवलं असन."

"ठेवलं होतं."

"काढाचं असते ना ते," मामाजी म्हणाले, आणि या माणसाच्या अडाणीपणाने वैतागल्यासारखी त्यांनी उशीवर मान टेकली.

अश्विनीचे वडील गज धरून तिथेच उभे राहिले. तिने आणि तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघर पाहिलं, गच्ची पाहिली, नळ सोडून पाहिले. ती परत आली तेव्हा वडील खिडकीजवळ खुर्ची ओढून बसले होते. तिने विचारायच्या आधी तेच म्हणाले, "घर ठीक हाय."

व्यवहार झाला. निघताना सगळे पडदे आम्ही तसेच ठेवले. नागपूरला पोचल्यावर रेवती विजयी मुद्रेने म्हणाली, "बघ आई, पडदे बदलल्याने किती फरक पडतो." मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

इथल्या आमच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, सगळ्यांवर जाड पडदे. त्यांच्या पांढऱ्या, मुक्या पाठी पाहताना मला वाटतं, घराची किंमत करणारा माणूस आतून बाहेर पाहून ती ठरवतो. पण बाहेरून आत पाहणाऱ्या कुणाकडे तरी तिचा थोडा भाग कायमचा राहतोच.

मागच्या आठवड्यात कुंदाचा फोन आला. दोघे म्हातारे भांडले होते म्हणे. भात चिन्नोरचा चांगला की लुचईचा, यावरून. शब्दाला शब्द वाढला आणि आसगावच्या बाबांनी रागाने पडदा ओढून घेतला.

"मग आता?" मी विचारलं.

"दोन दिवस बंदच होता, ताई. मामाजी जेवले नाई धड. आज सकाळी पाह्यलं, तं पडदा बोटभर सरकला होता. मी म्हटलं, मामाजी, पाहा, सरकला. तं म्हनतात, मी नाई पाहात." ती हसू लागली. "अन् तिकडंच पाहून राहिले."